कशावरून?



स्मरणिकेसाठी संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा वाटलं, शाळेच्या आठवणी तर सगळेच लिहिणार. गळकं छत, मधल्या सुट्टीतल्या चिंचा आणि बोरं, गॅदरिंगमधले फजितीचे प्रसंग. मी त्याऐवजी इतिहासाच्या तासाबद्दल लिहायचं ठरवलं. आपले इतिहासाचे सर आठवतात ना? उत्तर कितीही छान दिलं तरी सर खडू बोटांत फिरवत एकच शब्द विचारायचे, "कशावरून?" पुस्तकात आहे म्हटलं की "पुस्तकवाल्याला कशावरून?" आणि आजोबा सांगत होते म्हटलं की "आजोबांनी स्वतः पाहिलं की ऐकलं?" तेव्हा या शब्दाचा राग यायचा. 1995 ला दहावी झालो, त्याला 30 वर्षं झाली. मी इंजिनिअर झाले, सॉफ्टवेअरमध्ये पडले, आणि सरांचा तो शब्द गेल्या हिवाळ्यात अचानक कामाला आला. त्याचीच ही हकीकत.

आपल्या वर्गातल्या एका मित्राने जिंतूरकडच्या गावातला जुना वाडा उतरवायला काढला. माळवदाची माती काढताना तुळई आणि भिंतीच्या बेचक्यात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक सापडलं. उघडलं तर बंदूक. त्याने फोटो काढून आपल्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आजोबांची रायफल! किंमत किती येईल?"

पुढचा एक तास ग्रुपवर काय उसळलं ते तुम्ही पाहिलंच आहे. कुणी म्हणालं थ्री नॉट थ्री, कुणी म्हणालं इंग्रजांची मस्केट. कुणीतरी अमेरिकेतल्या लिलावाची पानं टाकली, डॉलरला रुपयांनी गुणलं आणि वाड्याच्या बांधकामाचा अर्धा खर्च निघाल्याचं जाहीर केलं. "जगात जर्मनी, भारतात परभणी" हेही आलंच. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी 'कॉम्प्युटरवाली', म्हणजे नेटवरचं सगळं मला सापडणार असा तुमचा जुना गैरसमज.

मी मित्राला फोन केला. तो पैशांबद्दल फारसं बोललाच नाही. म्हणाला, "किमतीचं मी गमतीत लिहिलं गं. मला हे हवंय की ही बंदूक आजोबांनी कुठून आणली ते सिद्ध व्हावं." घरात सांगत असत की आजोबा 1948 मध्ये उमरखेडच्या कॅम्पवर होते आणि नाक्यावरच्या एका हल्ल्यात त्यांनी ही बंदूक हिसकावून आणली. पण आजोबांचं नाव कुठल्याच यादीत नाही. 1972 मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले गेले, सन्मान निवृत्तिवेतन सुरू झालं, तेव्हा आजोबांनी अर्जच केला नाही. वडिलांना ते आयुष्यभर लागून राहिलं. दरवर्षी 17 सप्टेंबरला ध्वजवंदनाला ते शेवटच्या रांगेत उभे राहायचे. आता वडीलही नाहीत. "एवढं कळलं तरी बास," मित्र म्हणाला.

म्हणजे एकाच बंदुकीच्या दोन किमती काढायच्या होत्या. एक बाजारातली आणि दुसरी घरातली. दोन्हींसाठी प्रश्न एकच, कशावरून?

पण आधी एक तातडीचं काम होतं. मी त्याला फोटो काढून टाकायला सांगितलं. बंदुकीला हात लावू नकोस, खटका ओढू नकोस, नळीत डोकावू नकोस आणि आजच वकिलांना बोलव, असंही सांगितलं. याचं कारण पुढे येईल. वकील संध्याकाळीच आले. ते समोर असताना, बंदूक जागची न हलवता, मी सांगितले तेवढे चार फोटो मित्राने काढले. नळीच्या तोंडाजवळ मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी ठेवायला सांगितली होती. मापाशिवाय फोटो म्हणजे नुसतं चित्र.

पहिला फोटो दस्त्याच्या पुढच्या, मुठीत धरायच्या भागावरच्या धातूचा. गंज पुसल्यावर तिथे एक मुकुट, त्याखाली 'जी. आर. आय.' ही अक्षरं, त्याखाली 'इशापूर' आणि 19 हा आकडा दिसला. पुढचे दोन आकडे झिजून गेले होते. जी. आर. आय. म्हणजे राजा आणि सम्राट जॉर्ज, या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरं. इशापूर हे कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीच्या काठावरचं गाव. तिथे इंग्रजांचा दारूगोळ्याचा जुना कारखाना होता आणि 1904 पासून रायफलींचा कारखाना सुरू झाला. म्हणजे 'इंग्रजांची बंदूक' इंग्लंडमधून आलेलीच नव्हती. ती बंगाली कामगारांच्या हातची होती.

ही रायफल मूळची 'ली-एनफिल्ड' घराण्यातली. ली हे माणसाचं नाव. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला संशोधक. मागेपुढे सरकणारा बोल्ट आणि खाली काडतुसांची पेटी ही त्याची रचना. एनफिल्ड हे लंडनजवळचं गाव, तिथे सरकारी कारखाना होता. नळीचा व्यास .303 इंच, म्हणजे 7.7 मिलिमीटर, म्हणून लोकांच्या तोंडी 'थ्री नॉट थ्री'. पेटीत 10 काडतुसं, वजन साधारण 4 किलो. आमच्या सॉफ्टवेअरला जशा आवृत्त्या असतात तशाच हिलाही आहेत. 1907 मध्ये मार्क तीन आली. पहिल्या महायुद्धात कारखान्यांना वेग हवा होता म्हणून 1916 मध्ये काही भाग वगळले आणि 'मार्क तीन'पुढे एक चांदणी काढली. नवं काही न घालता, होतं त्यातलं कमी करून काढलेली आवृत्ती! अशा सगळ्या मिळून एक कोटीहून कितीतरी जास्त ली-एनफिल्ड रायफली जगात बनल्या. यावरूनच किमतीचा पहिला धडा कळतो. जुनी आहे म्हणून वस्तू दुर्मीळ होत नाही.

नावाचीही एक गंमत आहे. 1857 मध्ये ज्या काडतुसांच्या चरबीवरून भडका उडाला, ती काडतुसंही एनफिल्डच्याच रायफलीची होती, 1853 च्या नमुन्याची, तोंडातून ठासायची. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी काय केलं? हिंदी शिपायांसाठी त्याच बंदुकीचा वेगळा नमुना काढला. रायफलीच्या नळीत आतून मळसूत्री खाचा असतात, त्यामुळे गोळी फिरत जाते आणि लांबवर नेम लागतो. हिंदी शिपायाच्या बंदुकीत त्या खाचाच ठेवल्या नाहीत. नळी आतून गुळगुळीत. दिसायला बंदूक तीच, पण गोऱ्या सोजिराएवढा नेम काळ्या शिपायाला लागू नये. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्या बंदुकीशी तिचा संबंध आहे.

दुसरा फोटो बोल्टचा. तो मागे ओढलेल्या स्थितीतच गंजून अडकला होता. बोल्टच्या मुठीवर आणि बंदुकीच्या अंगावर क्रमांक असतात. संग्राहक पहिल्यांदा तेच पाहतात. दोन्ही जुळले तर किंमत चढते, नाही जुळले तर उतरते. इथे जुळत नव्हते. कधीतरी एका बंदुकीचा बोल्ट दुसरीला बसवला गेला होता.

तिसरा फोटो वरून, पेटीच्या जागेचा. आणि इथे मी चमकले. जिथे 10 काडतुसांची पोकळी दिसायला हवी, तिथे लाकडाचा ठोकळा ठोकून बसवला होता. चौथ्या फोटोत नळीचं तोंड आणि शेजारी पट्टी. भोक 8 मिलिमीटरच्या आत हवं होतं, ते 10 च्या थोडं पुढे भरलं. आत खाचाही दिसेनात.

दोन रात्री वाचल्यावर उत्तर मिळालं. ही थ्री नॉट थ्री राहिलेलीच नव्हती. जुन्या झालेल्या लष्करी रायफली इशापूरच्या कारखान्यात परत जायच्या. तिथे नळी मोठी आणि आतून गुळगुळीत करायची, व्यास .410 इंच, म्हणजे 10.4 मिलिमीटर. पेटी लाकडाने बंद करायची. आता एका वेळी एकच काडतूस घालायचं, उडवायचं, पुन्हा घालायचं. ही 'चारशे दहाची मस्केट' पोलिस, तुरुंगाचे पहारेकरी यांच्यासाठी. तिचं सरळ काडतूस लष्करी रायफलीत बसत नाही आणि लष्कराचं काडतूस तिच्यात नीट चालत नाही. शिपायाकडून ती कुणी हिसकावली तरी ती लष्करापुढे फारशी टिकू नये. 1857 नंतरचंच शहाणपण, फक्त नव्या रूपात. आपल्याच पोलिसावर सरकारचा किती विश्वास होता, ते त्या लाकडाच्या ठोकळ्यावरून कळतं.

बाजारभावाचा निकाल इथेच लागत आला. अमेरिकेत साधी ली-एनफिल्ड काही शे डॉलरला जाते, सगळे क्रमांक जुळणारी, मूळ लाकूड असलेली हजाराच्या पुढे. गंजलेली, क्रमांक न जुळणारी, पोलिसी मस्केट केलेली म्हणजे यादीच्या तळाला. शिवाय तिथल्या संग्राहकांत एक म्हणच आहे की बंदूक विकत घ्या, तिच्यासोबतची गोष्ट नको. गोष्टीला कागद असेल तरच पैसे मिळतात. आपल्या सरांचं शिष्यत्व त्यांनी कधी पत्करलं कोण जाणे!

पण तो अमेरिकेतला भाव इथे लागूच होत नाही. आपल्याकडे 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हातातली बंदूक परवान्याला बांधली. गोऱ्यांना त्यातून सूट होती, म्हणून काँग्रेसने या कायद्याविरुद्ध पुन्हापुन्हा ठराव केले. निजामाच्या राज्याचा कारभार वेगळा, पण स्वातंत्र्यानंतर सगळ्यांना एकच कायदा आला, 1959 चा. तो 1962 पासून अमलात आहे. त्यात .303 बोअरची लष्करी रायफल प्रतिबंधित शस्त्रांत मोडते. केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय ती घरात ठेवता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान 7 वर्षांची शिक्षा आहे. म्हणूनच आपल्याकडे रानडुकरं आणि रोही हाकलायला परवाना घेणाऱ्या शेतकऱ्याकडे .315 बोअरची रायफल दिसते, तीही बऱ्याचदा इशापूरचीच. बोअर कोणताही असो, परवान्याशिवाय चालू शकणारी बंदूक बाळगणं हा गुन्हाच. दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुन्यापुराण्या शस्त्राला कायद्यात सूट आहे, पण ती उडेल की नाही हे तुम्ही-मी ठरवायचं नसतं. घरात असं काही सापडलं तर वेळ न लावता जवळच्या पोलिस ठाण्यात जमा करायचं, हाच मार्ग. आणखी एक म्हणजे, 100 वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा डॉलरचं गणित तिथेही बसत नाही.

सारांश, ग्रुपवरच्या प्रश्नाचं उत्तर शून्य रुपये. विकायला काढली असती तर शून्याच्याही खाली. दुसऱ्या दिवशी मित्र वकिलांबरोबर पोलिस ठाण्यात गेला. पंचनामा झाला, जबाब झाला, पावती मिळाली. 1948 पासून माळवदात पडून असलेली वस्तू दुपारी 2 च्या आत सरकारजमा झाली.

राहिली घरातली किंमत. त्यासाठी 1948 मध्ये जावं लागतं.

तेव्हाचा परभणी जिल्हा आजच्याहून मोठा होता. हिंगोली, वसमत, कळमनुरी आपल्यात, परतूरही आपल्यात. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, म्हणजे भारत. अलीकडे निजामाचं हैदराबाद. 1947 च्या नोव्हेंबरात भारत आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला, पण दोन्हीकडे धग वाढतच होती. लातूरचा वकील कासीम रझवी रझाकारांचा पुढारी झाला होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता आणि सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले होते. उमरखेड त्यांतलाच एक. तिथले तरुण रात्री नदी ओलांडून करोडगिरी नाक्यांवर, पोलिस चौक्यांवर हल्ले करायचे. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली गेली ती 30 जानेवारी 1948 ला. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली.

या सगळ्यात बंदुकीला काय मोल होतं, ते एका आकड्यावरून कळतं. रझाकारांची संख्या 2 लाखांच्या घरात सांगतात, पण त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्श्याकडेच आधुनिक बंदुका होत्या. बाकीच्यांकडे ठासणीच्या बंदुका आणि तलवारी. निजाम सरकारलाही शस्त्रांची एवढी चणचण होती की सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानं भरून शस्त्रं आणत होता आणि बिदर, वरंगळकडे उतरवत होता. पुढे इंग्लंडच्या न्यायालयाने त्याला या उद्योगाबद्दल दंड केला तो 200 पौंडांचा! राज्याला विमानाने बंदुका आणाव्या लागत असताना गावात एका बंदुकीने काय फरक पडत असेल, याची कल्पना करा. आणि हो, त्या काळी कुणी किंमत सांगितली असती तर पहिला प्रश्न आला असता, हाली की कलदार? निजामाचे 7 हाली रुपये म्हणजे इंग्रजांचे 6 कलदार. आपल्या आजोबांच्या पिढीला नदी ओलांडली की रुपयाही बदलावा लागे.

बंदुकीचा खरा जीव काडतुसात असतो, हेही विसरायला नको. चारशे दहाचं काडतूस सरकारी कोठारातच मिळणार. ते संपलं की 4 किलोचा सोटा उरतो. वाड्यात बंदुकीबरोबर एकही काडतूस सापडलं नाही.

आता मित्राच्या प्रश्नाकडे येऊ. मस्केट पोलिसी बनावटीची आहे, म्हणजे नाक्यावरून हिसकावल्याची घरातली गोष्ट तिच्याशी जुळते. मला आनंद झाला, मी मित्राला फोनही लावणार होते. पण सर आडवे आले. जुळते म्हणजे सिद्ध झाली का? पोलिसी बंदूक घरात येण्याचे दुसरे मार्गही आहेत. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा हैदराबाद राज्यात शिरल्या. 17 तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली, 18 ला हैदराबादचे सेनापती एल एद्रूस मेजर जनरल जे. एन. चौधरींपुढे शरण आले. त्या पाच दिवसांत कितीतरी नाके, चौक्या ओस पडल्या. टाकून दिलेली बंदूक कुणीही उचलली असेल.

आणखी एक मार्ग आहे, तो लिहिताना हात अडखळतो. मुक्तीनंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात ठिकठिकाणी सूड उगवला गेला. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांची शिक्षा, ज्यांचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता अशा मुसलमान शेजाऱ्यांना मिळाली. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीला पाठवलं. त्यांच्या अंदाजाने 27 ते 40 हजार माणसं मेली. तो अहवाल अनेक दशकं लोकांसमोर आलाच नाही. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या मुक्तिसंग्रामाच्या धड्यात हे पान नव्हतं. त्या दिवसांत बंदुका कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेल्या, हे कोण सांगणार?

बंदुकीच्या गोणपाटात एक घडी केलेला कागदही होता, उर्दूतला. मित्राला वाटलं, हाच पुरावा. निजामाच्या राज्यात दरबारी भाषा उर्दू, त्यामुळे आपल्या घरांतल्या जुन्या कागदांवर काय लिहिलंय ते आपल्यालाच वाचता येत नाही. मला माझी बाकावरची मैत्रीण आठवली. तिच्या अब्बांचं शिक्षण उर्दू शाळेत झालेलं. वय 80 च्या पुढे, पण नजर शाबूत. मी परभणीला आले होते तेव्हा आम्ही दोघी कागदाचा फोटो मोठा करून त्यांच्यापुढे बसलो. चाचांनी चष्मा वर केला, सावकाश वाचलं आणि हसले. "बेटा, ही शेतसारा भरल्याची पावती आहे. फसली सन 1352." फसलीत 590 मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे 1942-43. बंदुकीचा तिच्याशी काही संबंध नाही. त्या वर्षी आजोबांनी सारा वेळेवर भरला होता, एवढंच सिद्ध झालं.

आम्ही उठणार तेवढ्यात चाचांनी विचारलं, "बंदूक कशी होती?" मी फोटो दाखवले. लाकडाच्या ठोकळ्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ ते काढलं नाही. मग बोलले. त्यांचे वडील निजामाच्या पोलिसात जवान होते, वऱ्हाडच्या हद्दीजवळच्या नाक्यावर. सप्टेंबरात एका पहाटे ते चालत घरी आले. अंगावर वर्दी नव्हती, हातात बंदूक नव्हती. पुढे काही महिने दुसऱ्या गावी एका देशमुखाच्या वाड्यात ते लपून राहिले, त्या घराने त्यांना सांभाळलं. बंदुकीचं काय झालं, टाकली, दिली की कुणी घेतली, हे त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. लहानपणी चाचांनी एकदा विचारलं होतं. वडील उठून अंगणात गेले.

मैत्रीण अवाक झाली. तिने हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. 30 वर्षांहून जुनी आमची मैत्री, एका बाकावर बसून मुक्तिसंग्रामाचा धडा आम्ही पाठ केलेला. तिच्या घरातून एक बंदूक गेली आणि मित्राच्या घरात एक आली. दोन्ही घरांतली मुलं एका वर्गात होती, आणि दोन्ही घरांत याबद्दल बोलणं नव्हतं.

ती बंदूक हीच होती का? तसं मी मुळीच म्हणत नाही. सरहद्दीवर नाके पुष्कळ होते, बंदुका पुष्कळ होत्या. क्रमांकावरून शोध लागेल असं काही माझ्या हाती नाही. कथेत शोभलं असतं, इतिहासात शोभत नाही.

मित्राला मी सगळं सांगितलं, न लपवता. बंदूक पोलिसी आहे, गोष्टीशी जुळते, पण गोष्ट सिद्ध करत नाही. पावती साऱ्याची आहे. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आजोबांनी अर्ज का केला नाही, तेही कळणार नाही." मी म्हणाले, "नाही कळणार." मग त्यानेच विचारलं, "चाचांना भेटायला येऊ का?" पुढच्या रविवारी तो गेला. जाताना शेतातला हुरडा घेऊन गेला. चाचांनी त्याला नाक्याचं नाव सांगितलं, त्याने आजोबांचं गाव सांगितलं. तीन तास बसले. मैत्रिणीने सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलं आहे, दोघांच्या परवानगीने, तारीख आणि जागा सांगून. सर, हे तुमच्यामुळे.

थ्री नॉट थ्रीचं पुढे काय झालं तेही सांगते. 1962 मध्ये आपले जवान हीच रायफल घेऊन चिनी फौजेच्या स्वयंचलित बंदुकांपुढे उभे होते. 2008 च्या 26 नोव्हेंबरला मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलिसांच्या हातातही हीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला 2020 मध्ये. मार्क तीन निघाल्याला तेव्हा 113 वर्षं झाली होती. सॉफ्टवेअरमध्ये एवढं आयुष्य कुठल्या आवृत्तीला लाभलेलं मी तरी पाहिलं नाही, आणि ज्यांना ती घेऊन उभं राहावं लागलं त्यांच्या दृष्टीने ते भाग्य म्हणावं का, हाही प्रश्नच आहे.

मेळाव्याला येणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आता जुने वाडे उतरताहेत. शस्त्र सापडलं तर हात न लावता पोलिसांना कळवा. फोटो ग्रुपवर टाकू नका, किंमत विचारू नका. पण कागद सापडले तर, उर्दू असोत, मोडी असोत, रद्दीत घालू नका. वाचणारी माणसं परभणीत अजून आहेत, फार थोडे दिवस आहेत. आणि घरात 80-85 वर्षांचं कुणी असेल तर या दिवाळीत त्यांच्याजवळ बसा आणि 1948 चं विचारा. त्यांनी स्वतः पाहिलं की ऐकलं, तेही विचारून लिहून ठेवा.

सर, तुम्ही मेळाव्याला येणार आहात असं कळलं. प्रश्न होता, एका जुन्या बंदुकीची किंमत किती? उत्तर अर्धंच लिहून झालंय, उरलेल्या अर्ध्याला पुरावा नाही म्हणून जागा कोरी सोडली आहे. मार्क तुम्हीच द्या.